कै. शेठ वालचंद हिराचंद आणि व्यापाऱ्यांचे संघबळ

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत ज्ञातीतील कर्त्या पुरुषांची चरित्रे द्यावयाची, ही प्रथा जुनी आहे व ती योग्यही आहे. परंतु यंदा आम्ही ज्ञातिबांधवांपुढे ज्यांचे चरित्र ठेवीत आहोत, ते शेठ वालचंद हिराचंद आपल्या ज्ञातीचे नव्हते. हे आम्ही आरंभीच सांगतो, कारण या लेखाचा मुख्य मुद्दा त्यातच आहे. ज्ञातिसंस्था पुष्कळ कार्ये करू शकते. ती होतकरू मुलांना शिष्यवृत्ती देते, वसतिगृह चालविते, वधूवरांची जुळणी करते व अडल्या घराला हात देते. तथापि मालाचे भाडे, कर, थकलेले बिल किंवा सरकारी नियम यांबाबत व्यापाऱ्याची अडचण उभी राहिली, म्हणजे तेथे ज्ञातीचे बळ अपुरे पडते. तेथे निरनिराळ्या जातींच्या परंतु एकाच धंद्याच्या लोकांनी एकत्र यावे लागते. हे तत्त्व ज्यांनी स्वतः ठेचा खाऊन ओळखले व महाराष्ट्रात रुजविले, त्यांत शेठजींचे नाव फार वरचे आहे.

आणखी एक कारण आहे. यवत, केडगाव, पाटस या पट्ट्यांतील आपल्या कुटुंबांत आज केवळ शेती किंवा नोकरी राहिलेली नाही. कोणाचे गुऱ्हाळ आहे, कोणाचे किराणा किंवा खताचे दुकान आहे, कोणाच्या मालट्रका आहेत, तर कोणी लेथ व ड्रिलिंग यंत्रे बसवून कुरकुंभ वा रांजणगाव येथील मोठ्या कारखान्यांना लहानसहान भाग पुरवीत आहेत. यांपैकी बहुतेकजण एकटेच झगडत असतात. त्यांच्यासाठी हे चरित्र आम्ही लिहीत आहोत.

जन्म, शिक्षण आणि पहिला धंदा

वालचंदजींचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे झाला. त्यांचे घराणे मूळचे सौराष्ट्रातील वांकानेरचे. व्यापारानिमित्त ते फलटण-सोलापूर भागात येऊन स्थायिक झाले होते. हे कुटुंब दिगंबर जैन पंथाचे असून कापसाचा व्यापार व सावकारी हा त्यांचा पिढीजात व्यवसाय होता. वालचंदजी १८९९ साली मॅट्रिक झाले. पुढे मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात व पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी काही काळ शिक्षण घेतले, परंतु पदवी न घेताच ते घरच्या धंद्यात शिरले.

घरची पेढी चालू होती. गादीवर बसून व्याजाचा हिशेब करावयाचा म्हटले असते तर आयुष्य सुखाने गेले असते. परंतु त्यात त्यांचे मन रमले नाही. याच सुमारास लक्ष्मणराव बळवंत फाटक यांच्याशी त्यांचा संबंध आला. फाटक पूर्वी रेल्वेत कारकून होते व नंतर कंत्राटदारीकडे वळले होते. एकाजवळ कामाची माहिती होती, तर दुसऱ्याजवळ भांडवल व धाडस होते. एक ब्राह्मण व एक जैन अशा या दोघांनी भागी केली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून त्यांच्या कंत्राटदारीस आरंभ झाला. कुलाचा व जातीचा विचार या भागीत आड आला नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

पुढे वालचंदजींचे नाव मोठमोठ्या बांधकामांशी जोडले गेले. तानसा तलावाचे पाणी मुंबईस नेणाऱ्या नळांचे काम व बोरघाटातील रेल्वेच्या बोगद्यांचे काम त्यांच्या कंपन्यांनी केले. १९२६ साली त्यांनी हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी स्थापन केली. यवतच्या स्टेशनावरून मुंबईकडे जाणारी गाडी बोरघाट उतरते तेव्हा ती ज्या डोंगरातून जाते, तो डोंगर फोडण्यात सोलापूरच्या या माणसाचा हात होता, हे आपल्या मुलांस सांगावयास हरकत नाही.

बोटीचा धंदा व त्यातील ठेच

शेठजींच्या आयुष्यातील खरी कसोटी मात्र समुद्रावर लागली. पहिले महायुद्ध संपले तेव्हा हिंदुस्थानचा सागरी व्यापार जवळजवळ संपूर्णपणे ब्रिटिश कंपन्यांच्या हाती होता. ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांची लॉयल्टी नावाची आगबोट विकावयाची असल्याचे कळताच वालचंदजींनी ती घेण्याचे ठरविले. नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद व लल्लूभाई सामळदास हे या कार्यात त्यांचे सहकारी झाले. येथेही निरनिराळ्या जातींची माणसे एकत्र आली होती. १९१९ साली सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची स्थापना झाली आणि त्याच वर्षी ५ एप्रिल रोजी लॉयल्टी बोट मुंबईहून लंडनला निघाली. १९६४ पासून हा दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

बोट निघाली खरी, परंतु पुढचा मार्ग बिकट होता. लॉर्ड इंचकेप यांच्या आधिपत्याखालील बलाढ्य ब्रिटिश कंपन्यांनी दर पाडण्यास सुरुवात केली. ज्याची गंगाजळी मोठी, त्याला तोटा सोसून वर्षानुवर्षे दर खाली ठेवता येतो. नव्याने उभ्या राहिलेल्याला ते शक्य नसते. दरयुद्धाखेरीज आणखी एक हत्यार होते, त्यास विलंबित सूट म्हणत असत. त्याची रीत समजून घेण्यासारखी आहे. व्यापाऱ्याने मालाचे पूर्ण भाडे आधी भरावयाचे. काही महिने त्याने आपला सर्व माल त्याच कंपन्यांच्या बोटींनी पाठविला, तर त्या भाड्यातील काही हिस्सा त्याला परत मिळावयाचा. परंतु तो लगेच नव्हे, आणखी काही महिन्यांनी, आणि तेही त्या मुदतीत त्याने दुसऱ्या कोणाच्या बोटीने एक पोतेही पाठविले नसेल तरच. म्हणजे व्यापाऱ्याचेच पैसे कंपनीच्या तिजोरीत अडकून राहावयाचे आणि त्या पैशांच्या भीतीने तो बांधला जावयाचा. देशी बोटीविषयी आपुलकी असूनही लहान व्यापारी तिच्याकडे जाऊ शकत नसे.

सिंधिया कंपनी विकत घेण्याचा प्रयत्नही झाला, तो संचालकांनी मानला नाही. परंतु १९२३ साली कंपनीला ब्रिटिश कंपन्यांशी दहा वर्षांचा करार पत्करावा लागला. त्यात बोटींच्या वाढीवर मर्यादा आल्या व दूरच्या समुद्रातील व्यापाराची दारे बंद झाली. हा करार शेठजींच्या मनाला लागून राहिला. धाडस होते, भांडवल होते, निष्ठावान सहकारी होते, तरीही हार खावी लागली. कारण उघड होते. प्रतिपक्ष एकजुटीने उभा होता, सरकार त्यास अनुकूल होते आणि या बाजूचा प्रत्येकजण सुटा होता. मोठ्या कंपनीची जर ही गत, तर एकट्यादुकट्या दुकानदाराची काय कथा, हा विचार येथून पुढे त्यांच्या कार्यात सतत दिसून येतो.

महाराष्ट्र चेंबरची स्थापना

व्यापाऱ्यांच्या संस्था त्या वेळी नव्हत्या असे नाही. मुंबईत युरोपियन व्यापाऱ्यांनी १८३६ सालीच बॉम्बे चेंबर ऑफ कॉमर्स स्थापन केली होती. देशी व्यापाऱ्यांची इंडियन मर्चंट्स चेंबर १९०७ साली निघाली व तिचे अध्यक्षपदही वालचंदजींनी भूषविले. परंतु या दोन्ही संस्थांची दृष्टी मुख्यतः मुंबई बंदराकडे होती. सोलापूरचा सूतवाला, नगरचा अडत्या, सांगलीचा हळदीचा व्यापारी, खानदेशातील जिनवाला किंवा आपल्या भीमाथडीतील गुळाचा व्यापारी यांची गाऱ्हाणी वेगळी होती. वॅगन वेळेवर न मिळणे, लहान गावाहून पाठविलेल्या मालास जादा भाडे पडणे, तालुक्याच्या कचेरीत दाद न लागणे, या गोष्टी मुंबईच्या सभागृहात कोण मांडणार?

ही उणीव भरून काढण्यासाठी वालचंदजींच्या पुढाकाराने १९२७ साली महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्स ही संस्था स्थापन झाली व ते तिचे संस्थापक अध्यक्ष झाले. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी अस्तित्वात आले, म्हणजे त्याच्या तेहतीस वर्षे आधी व्यापाऱ्यांनी ते नाव आपल्या पाटीवर लिहिले होते. त्याच वर्षी घनश्यामदास बिर्ला व सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांच्या पुढाकाराने देशभरच्या देशी चेंबरांचा महासंघही निर्माण झाला. त्याही संस्थेत वालचंदजींचा मोठा वाटा होता व पुढे ते तिचेही अध्यक्ष झाले.

अशी संस्था लहान धंदेवाल्यासाठी नेमके काय करते, हे पुष्कळांस ठाऊक नसते. वर्गणी भरावयाची आणि वर्षातून एकदा सभेस जाऊन चहा घ्यावयाचा, एवढीच कित्येकांची कल्पना असते. म्हणून ते थोडे विस्ताराने सांगतो. एका व्यापाऱ्याने रेल्वेच्या अधिकाऱ्याला अर्ज केला तर तो एका माणसाचा अर्ज असतो. तोच प्रश्न शंभरजणांकडून माहिती गोळा करून, किती माल, किती दिवस व किती नुकसान याच्या कोष्टकासह संस्थेने मांडला, तर त्याला उत्तर द्यावेच लागते. कायद्याचा मसुदा निघाला म्हणजे त्यातील कोणते कलम कोणाच्या मुळावर येते हे संस्था आधी वाचते व मुदतीत हरकत नोंदविते. सभासदांत देण्याघेण्याचा तंटा झाल्यास कोर्टाची पायरी न चढता लवादाने तो मिटविता येतो. परदेशी माल पाठविणाऱ्याला माल कोणत्या देशात बनला याचा दाखला अशा चेंबरकडून मिळतो. याखेरीज नव्या यंत्रांची, नव्या करांची व नव्या बाजारपेठांची माहिती लहान माणसापर्यंत पोहोचविणे हेही तिचेच काम होय.

पुण्यातही १९३४ साली मराठा चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्रीज ही संस्था स्थापन झाली. तिचे संस्थापक अ. रा. भट यांनी लहान उद्योगांचा प्रश्न आयुष्यभर हाती धरला. या चेंबरने काढलेले संपदा हे मासिक मराठीतून उद्योगधंद्याची माहिती देत असे. इंग्रजी न येणाऱ्या कारखानदारास त्याचा किती आधार वाटत असेल, हे आम्ही मराठी शाळेत जन्म घालविलेली माणसे सहज समजू शकतो.

चिकाटीचे फळ

संघटनेचे फळ लगेच पदरात पडत नाही. किनाऱ्यावरील मालवाहतूक देशी बोटींसाठी राखून ठेवावी, असे विधेयक साराभाई नेमचंद हाजी यांनी १९२८ साली मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले. व्यापारी संस्थांनी त्यास पाठिंबा दिला, परंतु परक्या सरकारच्या अमदानीत त्याचा कायदा झाला नाही. वालचंदजी १९२९ साली नरोत्तम मोरारजींच्या अपघाती निधनानंतर सिंधियाचे अध्यक्ष झाले व त्यांनी हा प्रश्न वर्षानुवर्षे धसास लावला. अखेर स्वातंत्र्यानंतर, १९५० च्या सुमारास, ही वाहतूक भारतीय बोटींसाठी राखून ठेवण्यात आली. मागणीपासून फळापर्यंत वीसहून अधिक वर्षे गेली. एखादा माणूस इतका काळ धीर धरू शकत नाही, तो धीर संस्थाच धरू शकते.

साखरेच्या बाबतीत फळ लवकर आले. त्या काळी जावा बेटाची साखर आपल्या बाजारात येत असे. १९३२ साली देशी साखरेस जकातीचे संरक्षण मिळाले आणि देशात तोपर्यंत जे सुमारे तीस कारखाने होते, ते पाचसहा वर्षांत सव्वाशेच्या वर गेले. वालचंदजींनी नाशिक जिल्ह्यात रावळगाव येथे आणि आपल्या शेजारच्या इंदापूर तालुक्यात कळंब येथे उसाची शेती व साखर कारखाना उभा केला. ओसाड माळावर वसलेल्या त्या कळंबच्या वसाहतीसच आज आपण वालचंदनगर म्हणतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांच्या धाडसास आणखी धुमारे फुटले. १९४० साली म्हैसूर सरकारच्या सहकार्याने बंगलोर येथे विमानांचा कारखाना निघाला. १९४२ साली तो सरकारने आपल्या ताब्यात घेतला. २१ जून १९४१ रोजी विशाखापट्टणम् येथे डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते जहाजबांधणीच्या कारखान्याची कोनशिला बसली आणि तेथे बांधलेली जलउषा ही बोट १९४८ साली पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरली. मोटारीच्या कारखान्यास त्या वेळच्या सरकारने साहाय्य नाकारले, तरीही १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन होऊन पुढे कुर्ल्यास मोटारी तयार होऊ लागल्या. मोटार ही एकट्या कारखान्यात तयार होत नसते. तिचे शेकडो भाग लहान लहान कारखान्यांतून यावे लागतात. आज आपली मुले जे सुटे भाग बनवितात, त्या धंद्याचे मूळ देशात मोटारी बनू लागल्या त्या काळात आहे.

एक सावधगिरी

शेठजींचे गुण गाताना दुसरी बाजू झाकून ठेवणे आम्हांस उचित वाटत नाही. सिंधिया कंपनी पुढे स्वतः बलाढ्य झाली. १९३९ च्या सुमारास कोकण किनाऱ्यावर बोटी चालविणारी बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनी तिच्या छत्राखाली आली. काल जो लहान होता, तो आज मोठा झाला म्हणजे त्याच्या पुढ्यात दुसरे कोणी लहान असते. हा कोणा एका माणसाचा दोष नव्हे, व्यापाराची रीतच तशी आहे. व्यापारी संस्थांतही हेच घडू शकते. मोठ्यांची वर्गणी मोठी, त्यांना सभेस येण्यास सवड असते व बोलण्याची सवय असते. त्यामुळे ठराव त्यांच्या सोयीचे होतात. साखर कारखान्याचे हित व गुऱ्हाळवाल्याचे हित प्रत्येक वेळी एक असेलच असे नाही. म्हणून लहान माणसाने संस्थेपासून दूर राहून तिला नावे ठेवण्यापेक्षा तिच्यात शिरावे, संख्येने बसावे व आपला प्रश्न कामकाजाच्या यादीवर आणावा, हाच मार्ग शहाणपणाचा आहे.

अखेर

१९५० च्या सुमारास शेठजींची प्रकृती खालावली व त्यांनी कामातून अंग काढून घेतले. पत्नी कस्तुरबाईंनी त्यांची शुश्रूषा केली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेत सिद्धपूर येथे त्यांचे देहावसान झाले. सांगलीचे अभियांत्रिकी महाविद्यालय त्यांचे नाव धारण करून आहे आणि २००४ साली टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. काळाच्या ओघात सिंधियाच्या बोटी समुद्रावरून दिसेनाशा झाल्या व कुर्ल्याच्या मोटारीही बंद पडल्या. परंतु १९२७ साली स्थापन झालेली व्यापाऱ्यांची संस्था महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्स, इंडस्ट्री अँड ॲग्रिकल्चर या नावाने अजून चालू आहे, व जिल्ह्याजिल्ह्यांतील अनेक व्यापारी व औद्योगिक संघटना तिला जोडलेल्या आहेत. कारखान्यांपेक्षा संघटना अधिक टिकली, ही गोष्ट आम्हांस फार बोलकी वाटते.

आता आपल्या घराकडे वळू. आमचा एक माजी विद्यार्थी एका मोठ्या कारखान्यास लोखंडी भाग करून देतो. माल वेळेवर जातो, परंतु बिल सात सात महिने थकते. बँकेचे व्याज मात्र थकत नाही. २००६ च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे फार तर ४५ दिवसांत द्यावयास हवेत, न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते आणि दाद मागण्यासाठी सुविधा परिषद आहे, हे आम्ही त्यास सांगितले. त्याने शांतपणे एवढेच दर्शविले की, तक्रार केल्यास व्याज मिळेल, परंतु उद्याचे काम जाईल. त्याचे म्हणणे खोटे नाही. विलंबित सुटीने बांधल्या गेलेल्या त्या जुन्या व्यापाऱ्यासारखाच हा मुलगा बांधला गेला आहे. त्याचेच पैसे दुसऱ्याच्या तिजोरीत आहेत आणि त्या पैशांपायी तो गप्प आहे.

अशा वेळी कायदा पुस्तकात असून भागत नाही. तो उच्चारणारे तोंड एकट्याचे असून चालत नाही. चाळीस पुरवठादारांच्या वतीने संघटनेने पत्र लिहिले, तर कोणा एकाचे नाव पुढे येत नाही व कोणा एकाचे काम काढून घेता येत नाही. म्हणून आमची मंडळाच्या कार्यकारिणीस नम्र सूचना आहे की, ज्या ज्या सभासद कुटुंबात काही धंदा आहे, त्याची एक यादी या वर्षी करावी. त्यांपैकी कोणाची उद्यम नोंदणी झालेली नाही ते पाहून ती करवून घ्यावी, कारण तिच्यावाचून वरील कायद्याचा लाभ मिळत नाही. आणि प्रत्येकाने आपापल्या धंद्याच्या तालुका वा जिल्हा संघटनेचे सभासदत्व घ्यावे. तेथे शेजारी कोणत्या ज्ञातीचा बसला आहे, हे पाहू नये.

आषाढवारीत तुकोबारायांची पालखी यवतेस मुक्कामास येते, तेव्हा गावातील घराघरांतून पिठले-भाकरी गोळा होते व हजारो वारकरी जेवून तृप्त होतात. एका घराच्या भाकरीने ते काम झाले नसते, आणि कोणत्या घरची भाकरी कोणत्या ताटात गेली हे कोणी विचारीत नाही. हा व्यवहार आपल्या गावास पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. धंद्यातही तो आणावयाचा, एवढेच शेठ वालचंद हिराचंद यांच्या चरित्रापासून शिकावयाचे आहे.